जॉबरचा तळहात

राजमल्लू जॉबरांचा चेहरा आठवायला बसले की मला आधी त्यांचा उजवा तळहात आठवतो. रुंद, तेलानं काळा पडलेला, अंगठ्याच्या बुडाशी जुनी जखम भरून आल्याची गाठ. हा हात कधी मोकळा नसायचा. बोलताना तो भिंतीवर असे, पाणी भरताना नळाच्या लोखंडी नळीवर, पंगतीला बसले तर जमिनीवर. या माणसाचं निम्मं ऐकणं हातानं चाललंय, हे कळायला माझ्यासारख्या शिकल्यासवरल्या बाईला सहा वर्षं लागली. तोवर मी समजत होते की यांना उगीच टेकून उभं राहायची खोड आहे.

माझ्या यजमानांना सोलापुरात गिरणीच्या कापडखात्यात कारकुनी लागली आणि आम्ही गिरणीच्या चाळीत राहायला गेलो. मी नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकवत होते. चाळीत निम्म्याहून जास्त बिऱ्हाडं तेलुगू विणकरांची. घरात तेलुगू, नळावर मराठी, आणि भांडण रंगात आलं की दोन्ही. राजमल्लू आमच्या भिंतीपलीकडे राहत. मामा होते ते एकट्या अंबादासचे, पण सगळी चाळ त्यांना मामाच म्हणे. त्यांची बायको सत्तेम्मा विड्या वळायची. मूलबाळ नव्हतं. बहिणीच्या माघारी अंबादासला त्यांनीच वाढवलं होतं; तो तेव्हा पुण्यात होता.

विणाईखात्यातला जॉबर म्हणजे पन्नास-साठ मागांचा मुकादम आणि डॉक्टरही. माग बिघडला की तो दुरुस्त करायचा, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बिघडायच्या आधी ओळखायचा. मामांचा कान त्याबद्दल अख्ख्या गिरणीत नावाजलेला. एकदा शाळेच्या चार बायकांबरोबर मी ते खातं बघायला गेले. दारातून आत पाय टाकला आणि आवाज छातीवर आदळला. शेजारणीचं तोंड हलताना दिसत होतं, शब्द नाही. तिथं कुणी बोलतच नव्हतं. सगळा कारभार हातांचा आणि ओठांचा. मधल्या वाटेवर मामा डोळे मिटून उभे होते. मग सरळ तिसऱ्या ओळीतल्या एका मागापाशी गेले, त्याच्या चौकटीवर तळहात ठेवला आणि उजवी मूठ आवळून वर केली. विणकरानं लगेच दांडा ओढला, माग थांबला. मामांनी एक चामड्याची पट्टी बदलली, पंजा उघडून वर धरला, माग सुरू.

मी बाहेर आल्यावर विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं, "मूठ म्हंजे थांब, पंजा म्हंजे चालू. कुणाचा हात मागात गेला तर वरडून काय उपेग हाय? मूठ दिसली की हात दांड्यावर जातो, बाई. डोकं मागनं येतं."

हे सांगताना त्यांची नजर माझ्या ओठांवर होती. तेव्हा मला वाटलं, माणूस जरा निरखून बघणारा आहे.

खंडेनवमीला गिरणी बंद असायची. आदल्या दिवशी माग पुसून काढत, त्यांना हळदकुंकू लावत, झेंडूच्या माळा घालत, आडवं सूत नेणारे धोटे ओळीनं पाटावर मांडत. त्या दिवशी लोखंडाला विश्रांती. बिचाऱ्या माणसांनाही मिळत असेल, असं मी धरून चालले होते. पण आमच्या पहिल्या खंडेनवमीला दुपारी बघते तो चाळीतले पुरुष सैरभैर. कुणी डोकं धरून पायरीवर बसलाय, कुणी उगीच पत्र्यावर काठी मारतोय, एक म्हातारा कानात कापूस कोंबून येरझाऱ्या घालतोय. मी सत्तेम्माला विचारलं, "अक्का, यांना झालंय तरी काय?"

विडीचं पान कातरता कातरता ती म्हणाली, "माग बंद हाय ना. बाहेरची गिरणी थांबली की कानातली सुरू होते. शिट्टी वाजते, किडे वरडतात. कामावर असलं की दबून राहतंय. आज दिवसभर वाजालंय आता."

एवढ्या सणाच्या दिवशी एवढी माणसं आपापल्या डोक्यात अडकून बसलेली, हे बघून मी पुरणाचं ताट बाजूला सारलं.

मामांनी त्यावर आपल्या परीनं इलाज काढला. दुसऱ्या वर्षी त्यांनी चौकातल्या चाँदभाई माईकवाल्याकडून कर्णा आणला आणि भजनांच्या तबकड्या लावल्या. बायका खूश झाल्या. विणकर तसेच. त्यांना भजन ऐकूच जाईना. वर्षानुवर्षं मागावर उभं राहिलेल्या कानाचं असं असतं की बारीक, गोड, वरचं काही आत शिरत नाही; शिरलं तर फक्त खालचं, जाड, धडाधडा येणारं. पेटी हरवते आणि ढोल उरतो.

तिसऱ्या वर्षी अंबादास पुण्याहून परत आला. तिथं तो विजेवरच्या गिटारी वाजवणाऱ्या एका मंडळात होता. मंडळ मोडलं, आणि हा मामाच्या हाताखाली मागावर लागला. बावीस-तेवीस वर्षांचा, हसरा, केस मानेपर्यंत. सामानात त्याची गिटार होती आणि एक विलायती तबकडी. ती चाँदभाईच्या दुकानात लावली तेव्हा मीही तिथं होते. मला तर भांड्यांची मांडणी पडल्यासारखं वाटलं. मामा मात्र स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवून शेवटपर्यंत उभे राहिले.

"ह्याला हेवी मेटल म्हणतात, मामा," अंबादास ओठ नीट हलवत म्हणाला. "वाजवणारी पोरं कारखान्याच्या गावातलीच हायत."

"ते कळालंय की," मामा म्हणाले. "सांगायला कशाला पायजे?"

त्या खंडेनवमीला चाळीमागच्या पटांगणात, जिथं एरवी रंगवलेलं सूत वाळत घालत, अंबादास आणि पुण्याचे त्याचे दोन दोस्त वाजवायला उभे राहिले. गिरणीनं मोडीत काढलेल्या मागांच्या चौकटी मामांनी मागून आणल्या होत्या. त्यांवर फळ्या टाकून मंच केला. गिटारींना, ड्रमला, चाँदभाईच्या आवाज वाढवायच्या मशीनला हळदकुंकू लावलं, लिंबू कापलं. मग मामांनी खोक्यावर हात ठेवला, दुसऱ्या हातानं मशीनवरचं आवाजाचं बटण हळूहळू फिरवलं, मागाचा ताण बसवावा तसं, आणि आपल्याला हवं तिथं आणून थांबवलं. पंजा उघडून वर धरला. सुरू.

आम्ही बायका कान झाकून घरात पळालो. मी खिडकीतून बघत होते. विणकर आधी लांब उभे होते, मग एकेक जण जवळ सरकला. कुणी खोक्याला पाठ टेकून बसला, कुणी दोन्ही हात लाकडावर ठेवले. तो कानात कापूस कोंबणारा म्हातारा आला, खोक्याला गाल लावला आणि रडायला लागला. शेजारचा घाबरला, तर म्हातारा म्हणाला, "आरं, बंद झाली. कानातली बंद झाली." मी संगीतातली दर्दी नाही आणि ते मला आजही आवडत नाही. पण त्या दिवशी खिडकीत मीही रडले, हे कबूल करते.

पुढं दरवर्षी ते व्हायला लागलं. हैदराबादची पोरं आली, मग मुंबईची. लांब केसांची, अर्धपोटी, भली पोरं. चाळीतल्या बायका त्यांना भाकरी आणि शेंगाचटणी वाढायच्या आणि केसांत तेल घाला म्हणून रागवायच्या. लोखंडी चौकटींवरून लोकांनी नाव पाडलं, लोखंडी जत्रा. रेल्वेनं माणसं यायला लागली. सोलापुरात एवढा दणदणीत आवाज कसा काय, याची म्हणे लांब लांबच्या कॉलेजांत चर्चा व्हायची.

पोलिसांच्या परवानगीचा अर्ज दरवर्षी मी लिहायची. मामांचं मराठी बोलण्यापुरतं. लिहिण्याच्या नावानं शून्य. 'खंडेनवमीनिमित्त यंत्रपूजन व भक्तिसंगीत,' असं मी ठोकून द्यायची, आणि खाली, 'ध्वनिक्षेपक मर्यादित आवाजात लावू.' एका वर्षी फौजदार खात्री करायला आले. कानात बोटं घालून पाच मिनिटं उभे राहिले आणि मामांना म्हणाले, "हे कुठल्या देवाचं भजन?"

मामांनी त्यांचे ओठ वाचले आणि मंचाखालच्या चौकटींकडे बोट दाखवलं. "ह्याचं," ते म्हणाले. फौजदारांचे वडील गिरणीत होते म्हणे. फौजदार तसेच मागं फिरले.

बटणाला मात्र मामांशिवाय कुणी हात लावायचा नाही. पुण्या-मुंबईची पोरंही मुकाट्यानं थांबत. जॉबरचा कान म्हणजे खात्यातला कायदा, तिथं कोण बोलणार? मागाचा ताण जॉबर ठरवतो, तसा आवाज जॉबर ठरवेल. ही चूक विणकरांच्या चाळीतच होऊ शकते. दुसरीकडे कुणीतरी विचारलं असतं की ठरवणाऱ्याला ऐकू येतंय का.

चौथ्या जत्रेनंतर चाँदभाईनं मला दुकानात बोलावलं. मशीन पुढ्यात ठेवून म्हणाला, "बाई, ये देखो." बटणाभोवतीच्या पत्र्यावर खिळ्यानं ओढलेले चार ओरखडे होते. मामा जिथं बटण थांबवायचे तिथं तो दरवर्षी खूण करून ठेवायचा, पुढच्या वर्षी सोपं जावं म्हणून. "मशीन वहीच है, डब्बे वहीच हैं. निशान हर साल आगे जाताय. जॉबर के कान गए, बाई. मैं बोलूं तो कैसा बोलूं?"

मी घरी आले. मामा अंगणात नळावर पाठमोरे होते, नळीवर हात. मी चार हातांवरून हाक मारली. पुन्हा मारली. शाळेत साठ पोरांना गप्प करणारा माझा आवाज. ते वळले नाहीत. मग बादली भरून वळले, मी दिसले, आणि हसून म्हणाले, "काय बाई, आज शाळा लवकर सुटली जणू?"

सत्तेम्माला सगळं ठाऊक होतं. तिनं माझा हात धरला. "कुणाला सांगू नका, बाई. कान गेला म्हणून कळालं तर जॉबर कोण ठेवील? झाडू देतील हातात. त्यानं ते मरतील." ती खोटं बोलत नव्हती. विणकर बहिरा झाला तर त्याचं काही अडत नाही, सगळेच होतात. जॉबर बहिरा झाला तर तो जॉबर राहत नाही. मामांचं सगळं मोठेपण त्या एका कानावर उभं होतं, आणि तळहाताच्या जोरावर ते कान असल्याचं सोंग वठवत होते.

आपलेच दात, आपलेच ओठ. मी गप्प बसले. चाँदभाईही बसला. पुढच्या वर्षी मी पुन्हा 'मर्यादित आवाजात' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं, आणि बटण पाचव्या ओरखड्यापर्यंत गेलं. माझ्या हातून बरंच काही चुकलंय आयुष्यात, पण त्या अर्जाइतकी लाज मला कशाची वाटत नाही. कारण खोक्यांना पाठ टेकून बसणाऱ्या म्हाताऱ्यांचं जे जायचं ते जाऊन चुकलं होतं. खोक्यांसमोर उभा राहून वाजवणाऱ्याचं जायचं होतं. दिवसभर माग आणि संध्याकाळी तालमीला तेच खोकं, त्याच खुणेवर. तालमीतही अंबादास मामांनी लावलेलं बटण हलवत नसे. मामांचा शब्द तो.

सहाव्या जत्रेची दुपार. मंच तयार, पूजा झाली. पटांगणात पाय ठेवायला जागा नाही. अंबादास तारा जुळवत होता. त्यानं छेडलं, कान लावला, खुंटी पिळली, मान हलवली. हैदराबादच्या पोरानं ड्रमवाल्याकडे बघितलं. मलासुद्धा कळत होतं की ते बेसूर आहे. कुणी बोललं नाही. त्या चाळीत न बोलण्याची सवयच सगळ्यांना.

मामा रिवाजाप्रमाणे एकेका वाद्यावर हात ठेवत आले. अंबादासच्या गिटारीवर तळहात ठेवला, म्हणाले, "वाजव." त्यानं वाजवलं. मामांनी हात काढला नाही.

"ह्या दोन तारा भांडालेत."

"न्हाई मामा. बरोबर हायत."

"भांडालेत म्हणतो मी. हाताला थरथर येतेय. परत लाव."

अंबादासनं परत लावली. पहिल्यापेक्षा वाईट. "आता बगा."

मामांनी त्याच्याकडे बघितलं. मग हळूच त्याच्या मागं गेले, आणि त्याच्या डाव्या कानाशी दोन बोटं नेऊन टिचकी वाजवली. अंबादास समोर बघत राहिला. मामांनी पुन्हा टिचकी वाजवली. अंबादास समोर बघून गर्दीतल्या कुणालातरी हसला.

ते परत पुढं आले तेव्हा त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता. "कवापासनं?"

अंबादासनं मान खाली घातली, मग ओठ दिसतील अशी वर केली. "वरीस झालं. शिट्टी वाजतेय. उजव्यात थोडं हाय अजून. तुमाला कसं सांगू, मामा? तुमी म्हणला असता ह्यो आमच्यासारखाच झाला."

मामा मशीनपाशी गेले. बटणाकडे बघितलं. ओरखडे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले असावेत. एकेकावरून अंगठ्याचं नख फिरवलं, पाचही मोजले. मग सगळ्या गर्दीसमोर, विणाईखात्यातल्या झाडून सगळ्या विणकरांसमोर, त्यांनी ते केलं जे आम्ही कुणी सहा वर्षांत केलं नव्हतं. चाँदभाईचा हात धरून बटणावर ठेवला.

"तू लाव. पयल्या खुणेवर. मला ऐकू येत न्हाई."

हे ते अगदी मोठ्यानं म्हणाले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

जत्रा झाली, पहिल्या ओरखड्यावर. अंबादास खाली बसला, त्याच्याऐवजी दुसऱ्या पोरानं वाजवलं. मामा खोक्यावर हात ठेवून उभे होते, पण इतक्या हळू आवाजात त्यांना तेवढंही पोचत नसावं, कारण थोड्या वेळानं त्यांनी हात काढून घेतला आणि तो कुठं ठेवावा हे न कळल्यासारखे उभे राहिले. तो हात कुठंच न टेकलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

अंबादासला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आतली नस गेली, ती परत येत नाही. उरलंय ते जपा. त्यानं गिटार हैदराबादच्या पोराला देऊन टाकली आणि माग सोडून एका दुकानात कापड मोजायला लागला. मामांच्या हातात गिरणीनं झाडू दिला. त्याच खात्यात, त्याच मागांखालचा कापसाचा भुगा ते गोळा करायचे. ज्या विणकरांना ते मूठ दाखवायचे ते आता त्यांना बघून पाय वर उचलायचे. सत्तेम्मा म्हणाली होती तसे ते मेले मात्र नाहीत. ते बरं झालं की वाईट, मला ठरवता आलेलं नाही.

मामा घरातही भाच्याशी फारसं बोलत नसत. एकदा मी म्हटलं, "मामा, तुम्ही जाणूनबुजून थोडंच केलंत?" ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. म्हणाले, "जाणून केलं असतं तर थांबता आलं असतं की, बाई."

जत्रा पुढच्या वर्षी झालीच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी कॉलेजच्या पोरांनी ती उचलली आणि शहराबाहेरच्या मोठ्या मैदानात नेली. अर्ज त्यांनी इंग्रजीत टाईप केला, माझी गरज उरली नाही. मुंबईहून ट्रकभर खोकी आली, माणसाच्या दुप्पट उंचीची. पोरं मनानं चांगली होती. आरंभाचा मान मामांना हवा म्हणून चाळीत येऊन आमंत्रण देऊन गेली. विणकरांना मागच्या बाजूला सतरंज्या टाकल्या.

मी गेले ती अंबादासच्या आग्रहानं. आम्ही दोघं विणकरांबरोबर मागं बसलो. मंचावर मामांना फेटा बांधला, नारळ दिला. त्यांनी मशीनला कुंकू लावलं, सवयीनं पंजा उघडून वर धरला. आणि जे सुरू झालं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. सतरंजीखालची जमीन थरथरत होती. पुढच्या रांगांतली पोरंपोरी, अठरा-वीस वर्षांची, खोक्यांपासून दोन हातांवर उभी राहून नाचत होती.

मामा पायऱ्या उतरता उतरता थांबले. खाली वाकून त्यांनी मंचाच्या फळीवर तळहात टेकला. बराच वेळ तसेच होते. मग उठले, वळून मशीनपाशी गेले, बटणाकडे हात केला. तिथल्या पोरानं हसून, अगदी आदरानं, त्यांना खांद्याला धरून बाजूला केलं. त्यांनी पुन्हा हात केला. पुन्हा बाजूला केलं. तेव्हा ते मंचाच्या पुढच्या टोकाला आले, सगळ्यांना दिसतील असे उभे राहिले, आणि उजवी मूठ आवळून वर केली.

पुढच्या पोरांना वाटलं, म्हातारा खुशीत आलाय. त्यांनी जल्लोष करून आपापल्या मुठी वर केल्या. हजारभर मुठी. मामा आपली मूठ खाली घेईनात. फेटा सुटून खांद्यावर आला तरी घेईनात.

माझ्या आजूबाजूला सतरंज्यांवर बसलेल्या म्हाताऱ्या विणकरांचे उजवे हात एकदम उचलले गेले, पुढं गेले, आणि जिथं काहीच नव्हतं तिथला दांडा त्यांनी आपल्याकडे ओढला. अंबादासनंही ओढला. मग सगळे आपल्या रिकाम्या हाताकडे बघत बसले, आणि मंचावरचं वाजवणं चालूच राहिलं.